नावाआधी पोहोचलेलं मत

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. दरवर्षी जूनमध्ये पाचवीचा नवा वर्ग समोर बसतो. ही मुलं चौथीपर्यंत मराठी शिकून, पास होऊन आलेली असतात. तरी पहिल्याच तासाला कुणीतरी उठून सांगतंच, "मॅडम, मराठी अपने बस की बात नहीं." दहा वर्षांचं पोर हे इतक्या खात्रीनं सांगतं, की जणू आयुष्यभर मराठीशी झुंजून थकलंय.

मग मी विचारते, हे तुला कुणी सांगितलं? उत्तरं ठरलेली. मोठा भाऊ. ट्यूशनवाले सर. फुफीजान. ज्या चाचांनी सातवीत शाळा सोडली, ते चाचा. स्वतःच्या अनुभवातून बोलणारं मूल मला क्वचितच भेटलं. मत घरातून दप्तरात येतं, डब्यासारखं.

त्या दिवशी मी धडा घेत नाही. फळ्यावर शब्द लिहिते : हजेरी, दप्तर, कागद, शाई, तारीख, अर्ज, जमीन, वकील, दुकान. हे कोणत्या भाषेतले? "उर्दू!" सगळा वर्ग ओरडतो. मग शेजारच्या मराठी शाळेतली मुलं रोज हेच शब्द बोलतात, ते कसं? थोडी शांतता. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीत कित्येक पिढ्या नांदताहेत. त्यांना कुणी पाहुणे म्हणत नाही. तास संपेपर्यंत मुलं स्वतःच शोधायला लागतात. मागच्या वर्षी एकानं "फक्त" शोधला आणि एखादं बक्षीस लागल्यासारखा नाचला.

मोहल्ल्यातून हे, तर दुसऱ्या बाजूनं वेगळंच. बँकेत, एसटीत, लग्नाच्या हॉलमध्ये मला आजवर किती वेळा ऐकवलं गेलंय, "तुमचं मराठी किती छान आहे हो, अजिबात वाटत नाही!" काय वाटत नाही, ते कुणी पुढे बोलत नाही. बोलणारी माणसं वाईट नसतात, कौतुकानंच म्हणतात. पण मुसलमान म्हणजे मराठी न येणारा, हे त्यांनाही कुणीतरी लहानपणीच सांगून ठेवलेलं असतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, शाहीर अमर शेखांच्या आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या, हमीद दलवाईंनी कथा मराठीत लिहिल्या. ही नावं माहीत असलेली माणसंसुद्धा माझ्याशी बोलताना हिंदीत शिरतात. माझ्या मुली माझ्याबरोबर बाजारात असल्या की त्याही हे बघतात, आणि पुढच्या दुकानात आपणहून हिंदी बोलायला लागतात. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नसतं.

बीएडला मानसशास्त्राच्या पेपरात सॉलोमन अ‍ॅश हे नाव दोन गुणांच्या टिपेपुरतं पाठ केलं होतं. पुढे नीट वाचलं. 1951च्या सुमारास अमेरिकेत त्यांनी साधासा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची, मग तीन रेघा, आणि विचारायचं की तिच्याएवढी कोणती? लहान मूलही सांगेल असं उत्तर. पण खोलीत खरा परीक्षार्थी एकच. बाकीचे सगळे अ‍ॅश यांचे, ठरवून चुकीचं उत्तर देणारे. सगळे चुकीचं बोलत, तेव्हा साधारण एक तृतीयांश वेळा तो एकटाही चुकीचंच बोलला. सुमारे चौथा हिस्सा माणसं मात्र एकदाही बधली नाहीत. मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग पुढचा आहे. खोलीत आणखी एक जण जरी बरोबर बोलला, तरी चुका एकदम घटल्या. एवढ्या गर्दीत एकच सोबती पुरला.

हे वाचल्यापासून माझ्या वर्गाची बसण्याची रीत बदलली. "अपने बस की बात नहीं" म्हणणारं मूल मी हुशार मुलाशेजारी बसवत नाही. चुकत-माकत का होईना, पण मोठ्यानं मराठी वाचतो, अशाच्या शेजारी बसवते. हुशार मुलाकडे बघून ते आणखी आखडतं, हे मी पाहिलंय.

मोठी माणसं यातून सुटलेली असतात असं नाही. स्टाफरूम ही तर मतांची भट्टी. वर्गयादी हातात पडते आणि चहाबरोबर शेरे येतात. ही चुणचुणीत, हा सांभाळा, हा कामातून गेलेला. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचं 1968 सालचं पुस्तक प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत त्यांनी शिक्षकांना सांगितलं, चाचणीवरून दिसतंय की ही ही मुलं यंदा झेप घेणार. नावं खरं तर चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडलेली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतली अशी मुलं खरोखर पुढे गेलेली दिसली. या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले, परिणाम वाटतो तितका मोठा नाही असं अनेकांनी दाखवलं. असेना का लहान. उलट दिशेचा परिणाम मी रोज बघते, आणि तो मला लहान वाटत नाही.

आमच्याकडे एक मुलगा आला होता. त्याला नावानं कुणी हाक मारत नव्हतं, सगळे "अमक्याचा भाऊ" म्हणत. थोरल्यानं शाळेत बरेच उद्योग केले होते. धाकट्यानं काही करण्याआधीच काच फुटली की पहिली नजर त्याच्याकडे जायची. सहामाहीपर्यंत तो खरंच खोड्या काढायला लागला. त्याचं अक्षर सुरेख होतं, उर्दूतलंही आणि मराठीतलंही. मी त्याच्याकडे फळ्यावरचा सुविचार लिहिण्याचं काम दिलं आणि वर्गात त्याला पूर्ण नावानं हाक मारायला लागले. माझ्या तासाला तो वेगळा मुलगा होता. बाकीच्या तासांना "अमक्याचा भाऊ"च राहिला. नववीनंतर तो शाळेत आला नाही. हल्ली मोटारींच्या नंबरप्लेट रंगवतो, आणि अक्षर अजून तसंच आहे. एकाच्या सोबतीनं अ‍ॅशच्या खोलीत काम भागलं, शाळेच्या इमारतीत नाही भागलं.

यंदाच्या सातवीतली एक मुलगी. पालकसभेत तिची अम्मी तिच्यासमोरच म्हणाली, "इसको मराठी नहीं आती, मॅडम." मी काही समजावलं नाही. वही उघडली आणि मुलीला म्हटलं, वाच. तिनं अर्धं पान वाचलं. अम्मी ऐकत राहिली, मग पर्समधून रेशनकार्डाचा घडी घातलेला अर्ज काढला आणि मुलीपुढे धरून विचारलं, "ये पढ सकती क्या?"

पुढच्या आठवड्यात दोघी तहसील कचेरीत जाऊन आल्या. अर्ज मुलीनंच भरला. मधल्या सुट्टीत ती मला शोधत आली.

"मॅडम, वो साहब बोले, उर्दू शाळेत असून इतकं चांगलं मराठी कसं लिहितेस?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी बोलले, आमच्या वर्गात सगळेच लिहितात."

सगळे लिहीत नाहीत अजून. पण त्या दिवशी हे तिनं वर्गात सगळ्यांना सांगितलं, आणि शेवटच्या तासाला चार मुलांनी माझ्याकडे अर्जाचा नमुना मागितला.