नुसतं प्रेम पुरत नाही, बॉस!

डेडलाइन्स, उशिरा येणारे चेक, एडिटरची बोलणी... जाम वैताग आला आणि एका रात्री मी घरात जाहीर करून टाकलं, ‘आता अ‍ॅनिमल रेस्क्यूमध्ये करिअर!’ आईनं कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता विचारलं, ‘पगार किती?’

प्रश्न टाळून मी दर शनिवार-रविवार एका शेल्टरला जायला लागले. डोळ्यांसमोर चित्र काय, तर मांडीवर पिल्लू आणि हातात दुधाची बाटली. हातात आला झाडू! पहिल्याच रविवारी गाडीनं उडवलेला एक कुत्रा आला. मी धावले, तर तिथल्या काकांनी मागे खेचलं. ‘ताई, आधी तोंड बांधायचं.’ दुखणारा कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो. या कामात रेबीजची लस आधीच घेऊन ठेवायची. तरीही चावला, तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवायची आणि थेट डॉक्टर गाठायचा, कारण लस घेतलेल्यालाही पुन्हा डोस लागतात. एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर जवळपास इलाज नाही.

व्हेट व्हायचं तर बारावीला बायोलॉजी, मग ‘नीट’, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. म्हणजे मास कॉमवालीचा पत्ता कट! पण शेल्टर एकट्या डॉक्टरवर चालत नाही. कुत्रा पकडणारा, ड्रेसिंग करणारा, अ‍ॅम्ब्युलन्स चालवणारा, देणग्यांचा हिशेब ठेवणारा, दत्तक घेणाऱ्याचं घर बघून येणारा... ही सगळी कामंच आहेत.

तो कुत्रा आठवड्याभरात गेला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. काकांनी डोळे पुसले आणि पिंजरा धुवायला घेतला. बाहेर रिक्षात पुढचा पेशंट थांबला होता. माझं प्रेम आणि त्यांचं करिअर यातला फरक मला तेव्हा कळला.

मी पत्रकारिता सोडली नाही. पण आता आठवड्यातले दोन दिवस शेल्टरचे. तिथल्या कुत्र्यांचे ‘बायोडेटा’ मी लिहिते: ‘वय दोन, लसी आणि नसबंदी झालेली, फटाक्यांना घाबरते, पोळीसाठी काहीही करेल.’ खोटं एक अक्षर नाही, कारण फसवून दिलेला कुत्रा परत येतो, आणि परत आलेला कुत्रा पाहवत नाही. ही पोळीवाली गेल्या महिन्यात घरी गेली.

परवा आईनं पुन्हा विचारलं, ‘पगार किती?’

‘पेट्रोलपुरता,’ मी म्हटलं. या वेळी प्रश्न टाळला नाही.