पैनगंगेकाठी एक रात्र

चक्रवाक पक्ष्याची नि माझी ओळख वीस वर्षांची. पण ती सारी पुस्तकातली. रात्र पडली की शापाने या जोडप्याची ताटातूट होते, नर एका तीराला नि मादी दुसऱ्या तीराला, आणि मग पहाटेपर्यंत दोघे एकमेकांना साद घालीत राहतात, हा कविसंकेत मी दर वर्षी फळ्यावर लिहून देत आलो. मेघदूतातला यक्ष आपल्या एकाकी पत्नीला चक्रवाकीची उपमा देतो, तो भाग शिकवताना माझा आवाज भरून येतो, अशी माझी ख्याती आहे. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, तो दिसतो कसा?"

मी म्हणालो, "तो काव्यातला पक्षी आहे."

वर्गात कोणी हसले नाही, हेच वाईट झाले. तास संपल्यावर तो मुलगा दाराशी थांबला होता. "आमच्याकडं धरणावर येतो, सर. थंडीत. आजा शिव्या देतो त्याला."

म्हणून गेल्या पौषात मी हिंगोलीहून कळमनुरीला आणि तिथून त्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून इसापूर धरणाच्या फुगवट्याकडे गेलो. बरोबर कॉलेजच्या एन. सी. सी.चा एक जुना तंबू, शेजाऱ्यांची दुर्बीण, आणि सौभाग्यवतींनी बळेच दिलेली कानटोपी. त्या कानटोपीचा मी घरी उपहास केला होता. तो येथे जाहीरपणे मागे घेतो.

पैनगंगा ही मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्यामधली जुनी शीव. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हापासून अलीकडे एकाचा अंमल नि पलीकडे दुसऱ्याचा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत दोन्ही काठ एका राज्यात आले. सोयरिकींनी मात्र ही सरहद्द कधी मानली नव्हती. उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पाणी, तेव्हा मुली देताना कोण कोणत्या सरकारचा, हे कोण पाहतो! पुढे इसापूरला धरण झाले, नदीचा समुद्र झाला. 2014 साली या जलाशयाच्या परिसराला अभयारण्य म्हणून जाहीर केले. पाखरांना हक्काची जागा मिळाली, ते बरेच झाले.

अभयारण्यात रात्री राहायचे नसते. आम्ही हद्दीबाहेर, त्या मुलाच्या आजोबांच्या रानात तंबू ठोकला. 'ठोकला' हे क्रियापद मी सवयीने वापरले. काळ्या जमिनीत वरचा थर दगडासारखा आणि खाली लोणी. खुंटी आत जाई ती परत यायला तयार नसे, किंवा मुळीच जात नसे. सोयी म्हणाल तर एक बोरीचे झाड, पाण्याची एक घागर आणि शेकोटीपुरत्या तुराट्या. बाकी सर्व गोष्टींसाठी सभोवार मोकळे रान होते. पाणी ओसरलेल्या गाळात हरभरा हिरवा दिसत होता. याला गाळपेर म्हणतात. धरण जसजसे मागे सरकते, तसतशी माणसे पुढे सरकतात आणि आपलीच जुनी जमीन चार महिन्यांपुरती कसतात.

संध्याकाळी पाणकणसांच्या कडेला काळीभोर पाखरे पोहताना दिसली, कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा. "हे वारकरी," मुलगा म्हणाला. नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानलेली नर्सी याच जिल्ह्यात. तेव्हा या पाखराला इथे दुसरे नाव शोभलेच नसते. आणि मग पलीकडच्या उघड्या उंचवट्यावर त्याने बोट दाखवले. भगव्या वस्त्रात दोघे-दोघे बसावेत तशी ती पाखरे बसली होती. अंग नारिंगी, डोके फिकट, शेपटी काळी. उडाली तेव्हा पंखांतला पांढरा पट्टा चमकला. लडाख, तिबेटकडच्या उंच मुलखात ही विणीला असतात आणि हिवाळ्यात खाली येतात. वीस वर्षे ज्याच्यावर मी परीक्षेत पाच गुणांची टीप विचारली, तो पक्षी बदकाच्या जातीचा निघाला!

रात्री आजी भाकरी, पिठले नि ठेचा घेऊन आल्या. आजोबांनी आरावर हुरडा भाजला. थंडी अशी की पुढून भाजावे नि पाठीमागून गोठावे. शेकोटी विझत आली तेव्हा पाण्यावरून तो आवाज आला: घोगरा, नाकातला, लांबणारा. क्षणभराने दुसऱ्या बाजूने तसाच. माझ्या अंगावर काटा आला. मी आजोबांना संकेत सांगितला. शाप, ताटातूट, सारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"कशाची ताटातूट, सर! चरायला पांगलेत. दिवसा झोपा काढायच्या अन् रात्री माझा हरभरा खायचा. एक हितं, एक तिथं. आवाज दिऊन ठाव घेत्यात, एवढंच."

मला हसू आले, पण आजी हसल्या नाहीत. पलीकडच्या काळोखात एक दिवा लुकलुकत होता. "त्यो माझ्या भावाकडचा," त्या म्हणाल्या. आजींचे माहेर वऱ्हाडातले. लग्न झाले तेव्हा धरण नव्हते. सणाला सकाळी निघून नदी ओलांडायची, पुरणपोळी खायची नि दिवेलागणीला परत. धरण भरले, तशी दोन्ही गावे उठली, वर सरकली. आता माहेरी जायचे तर फाट्यापर्यंत चालायचे, मग दोन मोटारी बदलायच्या. गुडघे साथ देत नाहीत. भाऊ तिकडे, तोही थकलेला. "मोबाइलवर बोलती," आजी म्हणाल्या, "पण त्याला ऐकू येत न्हाई." आजोबा काही न बोलता निखारे सारखे करीत राहिले.

मी तंबूत आडवा झालो. झोप अशी आलीच नाही; डास, थंडी आणि ते आवाज. पहाटे धुके वितळले तेव्हा पाखरे उंचवट्यावर परतली होती, पुन्हा दोघे-दोघे. मी दुर्बिणीतून त्यांना मोजत बसलो. सोळा झाली, सतरावे सापडेना. तेवढ्यात चहाचा तांब्या घेऊन आजी आल्या.

"त्यातून पल्याडचं दिसतं?"

मी दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावून दिली, चाक फिरवून दाखवले. पक्ष्यांकडे त्यांनी पाहिलेच नाही; दुर्बीण वर, दूर, त्या काठावर गेली. बराच वेळ त्या उभ्या होत्या. चहा निवला.

"रान दिसतंय," त्या म्हणाल्या. "गोठा दिसतोय. माणूस न्हाई दिसत."

मग पदराने दोन्ही काचा पुसून त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली, आणि हरभऱ्यातली पाखरे हाकायला त्या गाळात उतरल्या.