रंगाला जनुक ओळखता येत नाही

कोरोनाच्या साथीत ‘सीटी व्हॅल्यू’ घरोघरी पोहोचली. त्या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी ठरावीक क्रमालाच चिकटणारे प्रोब वापरले जात. संशोधनाच्या प्रयोगशाळेत मात्र एखादे जनुक किती सक्रिय आहे हे मोजताना अनेकदा सायबर ग्रीन हा स्वस्त आणि सोपा रंग हाताशी घेतला जातो.

हा रंग मोकळा असताना जवळजवळ चमकतच नाही. डीएनएच्या दुहेरी धाग्याच्या खाचेत बसला, की निळा प्रकाश शोषून तो झगझगीत हिरवा उजळतो. सक्रिय जनुकाचा आरएनए आधी डीएनएत उतरवून घ्यायचा, मग पीसीआरच्या दर फेरीला तो डीएनए दुप्पट होऊ द्यायचा आणि चमक ठरलेली रेषा कितव्या फेरीला ओलांडते ते पाहायचे; हीच ती सीटी व्हॅल्यू. आरएनए जितका जास्त, तितकी रेषा लवकर. दहापट फरक असेल, तर साधारण ३.३ फेऱ्यांचे अंतर पडते.

ही युक्ती आधी इथिडियम ब्रोमाइड या रंगावर साधली. कॅलिफोर्नियात रसेल हिगुची आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चालू पीसीआरवर कॅमेरा रोखला. १९९७मध्ये युटा विद्यापीठाच्या कार्ल विटवर यांच्या गटाने सायबर ग्रीन वापरून दाखवला.

पण हा रंग आंधळा आहे. दुहेरी धागा दिसला की तो बसतो; मग तो हव्या त्या जनुकाचा असो, आरएनएसोबत आलेल्या जीनोमिक डीएनएचा असो, की पीसीआर सुरू करून देणाऱ्या, पण एकमेकांनाच चिकटलेल्या छोट्या धाग्यांचा, म्हणजे प्राइमरांचा. म्हणून या कामाचा खरा कस आलेख उमटल्यानंतर लागतो.

शेवटच्या फेरीनंतर यंत्र प्लेट हळूहळू ९५ अंशांपर्यंत तापवते. धागे सुटतात, रंग निसटतो, चमक कोसळते. ती कुठल्या तापमानाला सर्वांत वेगाने कोसळली, तिथे पडद्यावर शिखर उभे राहते. सगळ्या नमुन्यांचे शिखर एकाच जागी, टोकदार, एकटे असेल तर जीव भांड्यात पडतो. डावीकडे, कमी तापमानाला एखादा बुटका उंचवटा दिसला, की बहुधा प्राइमर डायमर! मग नजर आपोआप नमुन्याऐवजी नुसते पाणी घातलेल्या खळग्यांकडे जाते. तिथेही चमक असेल, तर प्राइमर नव्याने आखणेच बरे. एकटे शिखरही पूर्ण पुरावा नव्हे; पहिल्यांदा तरी तो पदार्थ जेलवर पळवून त्याची लांबी पाहावी.

स्थिर मानून तुलनेसाठी घेतलेल्या जनुकाचीही तशीच पारख हवी. सवयीने अनेकजण जीएपीडीएच हे जनुक लावतात. पण पेशींना ऑक्सिजन कमी पडला की तेच वाढते. मापाची पट्टीच लांबली, तर मोजमापाला काय अर्थ?

२००९मध्ये ‘एमआयक्यूई’ या मार्गदर्शक नियमावलीने या सगळ्या तपशिलांची नोंद मागितली. तरीही अनेक शोधनिबंधांत नुसते स्तंभालेख भेटतात. विद्यार्थ्यांनो, पुढचा असा निबंध वाचताना आधी तो तापवतानाचा आलेख, म्हणजे मेल्ट कर्व्ह, शोधा. नसेल, तर लेखकांना पत्र लिहून मागा.