प्रवासी कोणाला म्हणावे?

जो प्रवास करतो तो प्रवासी. या शब्दाला यापलीकडे काही अर्थच्छटा असेल, असे भाषेच्या शिक्षकालाही सहसा वाटत नाही. हिंदीत मात्र पोटापाण्यासाठी मुलूख सोडलेल्या मजुरालाही हाच शब्द लावतात; त्याला आपण मराठीत स्थलांतरित म्हणतो. या दोन्ही भाषांखेरीज आणखी एक 'प्रवासी' आहे, तो कायद्याच्या पुस्तकातला. त्या तिसऱ्या प्रवाशाविषयी येथे थोडे लिहायचे आहे.

बीड जिल्ह्याचे रेल्वेशी असलेले नाते प्रामुख्याने वाट पाहण्याचे. परळी वैजनाथचे स्थानक निजामकाळातले. पण जिल्ह्याचे मुख्य ठिकाण रेल्वेवाचूनच राहिले. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ च्या सुमारास मंजूर झाला. त्यावरून गाडी आष्टीपर्यंत आली २३ सप्टेंबर २०२२ रोजी आणि बीड शहरात पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. मधली तीन दशके मोर्चे, निवेदने आणि निवडणुकीतील आश्वासने यांत गेली. या सगळ्या मागणीत रेल्वे होती. रेल्वेचा कायदा कोठेच नव्हता. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून नगरकडे निघालेल्या गाडीचे पाच डबे पेटले. सुदैवाने कोणी दगावले नाही. परंतु गाडीमागोमाग अपघातही येतो, याची ती पहिली जाणीव होती.

माझ्यापुरती ही जाणीव आणखी एका वाटेने आली. वर्गातील एका विद्यार्थ्याचे वडील चालू लागलेल्या गाडीत चढताना घसरले आणि त्यांना एक पाय गुडघ्याखाली गमवावा लागला. धावपळीत तिकीटही हरवले. गावातल्या जाणत्या मंडळींनी निकाल देऊन टाकला होता: तिकीट नाही, शिवाय चूकही स्वतःचीच, तेव्हा काही मिळायचे नाही. असे दहा महिने गेले. एकदा तास संपल्यावर त्या मुलाने मला विचारले, "सर, चूक आमच्या दादांचीच होती, मग मागायचं कुठल्या तोंडानं?" कायद्याचा मी अभ्यासक नव्हे. तरीही तो प्रश्न भाषेचाच वाटला, म्हणून रेल्वे अधिनियम, १९८९ त्याच्यासोबत वाचायला बसलो.

त्यातील कलम १२४ टक्कर, गाडी रुळांवरून घसरणे अशा अपघातांविषयी आहे. १९९४ साली त्याला १२४-क हे कलम जोडण्यात आले. त्याचा आशय असा, की रेल्वे प्रशासनाची कसूर असो वा नसो, ठरावीक घटनांत भरपाई देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. प्रवासी गाडीतून प्रवाशाचे अपघाताने पडणे ही त्यांतलीच एक घटना. आत्महत्या वा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेच्या अमलाखालील कृत्य आणि नैसर्गिक आजार असे काही ठरावीक अपवाद. या यादीत 'निष्काळजीपणा' हा शब्द नाही. गावाने ज्या शब्दावर निकाल दिला होता, तो कायद्याने मुद्दामच वगळला होता!

सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ टप्प्याटप्प्याने स्पष्ट केला. प्रभाकरन विजयकुमार खटल्यात (२००८) गाडीत चढताना पडलेल्या व्यक्तीलाही संरक्षण मिळाले. जमीला खटल्यात (२०१०) दारात निष्काळजीपणे उभे राहणे म्हणजे गुन्हेगारी कृत्य नव्हे, असे ठरले. रीना देवी खटल्यात (२०१८) तर केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे सांगितले गेले. दावेदाराने प्रतिज्ञापत्राने मूळ वस्तुस्थिती मांडावी. मग ती खोडून काढण्याचा भार रेल्वेवर येतो. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी भरपाई ८ लाख रुपये आहे. अवयव गमावल्यास ती अनुसूचीप्रमाणे ठरते. दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करायचा असतो. उशिराचे सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो. ज्यांना वकील परवडत नाही, अशा पात्र व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य साहाय्य मागता येते. लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा आणि रुग्णालयाची कागदपत्रे आम्ही जमवली, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत अर्ज गेला. 'कुठल्या तोंडानं' या प्रश्नाचे उत्तर तेवढ्यापुरते मिळाले: हे मागणे म्हणजे याचना नव्हे.

पण येथेच थांबलो तर कायद्याचे निव्वळ कौतुक केल्यासारखे होईल. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर मरण पावले. टाळेबंदीत काम गेलेले हे मध्य प्रदेशातील लोक जालन्याहून रुळांच्या कडेने भुसावळकडे चालले होते, गाडी मिळेल या आशेने. गाड्या बंद आहेत असे समजून थकल्यावर ते रुळांवरच टेकले आणि तेथेच झोपी गेले. हिंदी वृत्तपत्रांनी त्यांना 'प्रवासी मज़दूर' म्हटले. कायद्याच्या लेखी मात्र ते प्रवासी नव्हते. त्यांच्याजवळ तिकीट नव्हते, ते कोणत्याही गाडीतून पडले नव्हते; रुळांवर असणे हा तर कलम १४७ प्रमाणे अनधिकृत प्रवेश, म्हणजे गुन्हा. म्हणजे ज्याला गाडी मिळाली आणि जो तिच्यातून पडला तो प्रवासी; ज्याला गाडीच मिळाली नाही तो गुन्हेगार. दोन्ही राज्य सरकारांनी मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. ती मदत होती, भरपाई नव्हे. भरपाई हक्काने मागता येते; मदत देणाऱ्याच्या मनावर असते. आपल्या लेखनात हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो.

बीडच्या वाचकाला हे परके वाटू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखो माणसे ऊस तोडायला ट्रक-ट्रॅक्टरमधून निघतात. उचल घेताना नवरा-बायकोच्या जोडीची नोंद होते ती 'एक कोयता' अशी. माणसाचे नाव बदलले की त्याचा हक्कही बदलतो, हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. नवी रेल्वे या माणसांना प्रवासी करील, तर ते केवळ वेळापत्रकाने होणार नाही. तिकीट जपून ठेवावे, पडल्यावर पंचनामा मागावा, वर्षाची मुदत विसरू नये, आणि चूक आपली होती या समजुतीने गप्प बसू नये, इतके तरी प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. करमाडच्या सोळा जणांना सामावून घेईल अशी व्याख्या मात्र अजून लिहिली जायची आहे. शब्दांचे अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न आपण साहित्याच्या वर्गात वर्षानुवर्षे विचारत आलो. तो अधिनियमाच्या पानावरही विचारायला हवा.