वर्गणी जाते कुठं?

लेस्टर,
18 फेब्रुवारी 2024

तीर्थस्वरूप मामांस,


गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या त्या सायकल संघटनेत कुणी पैसे खाल्ले का रे?" मी "नाही हो" म्हणालो, तेवढ्यात मामीनं फोन घेतला आणि विषय तिथंच राहिला. पण उभा जन्म पतसंस्थेच्या कीर्द-खतावणीत घालवलेल्या माणसाला एवढ्या दोन शब्दांत उत्तर देणं बरं नव्हे. आठवडाभर ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र. लांबेल, सवडीनं वाचा.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. पैसे खाल्ल्याचा आरोप माझा नाही. ब्रिटिश सायकलिंग ही इथली राष्ट्रीय संघटना. तिचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून कंपनी निबंधकाकडे दाखल होतात आणि कुणालाही घरबसल्या, फुकट बघता येतात. मीही बघतो, तुमच्याच सवयीनं शेवटच्या पानापासून. पण कंपनीचा ताळेबंद मोठमोठ्या बेरजा दाखवतो. गावच्या शर्यतीपुरतं पान त्यात नसतं. आणि आम्ही हौशी लोक जगतो ते त्या न सापडणाऱ्या पानावर.

तुम्हाला शर्यतीची एक सकाळ सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या क्लबची शर्यत होती. सकाळी सातला गावचं सभागृह उघडलं. एका टेबलावर नावनोंदणी. तिथं सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसतात. त्या परवाना बघतात, सही घेतात, नंबराचं कापड आणि मोजून चार सेफ्टी पिना हातात देतात. पिना परत कराव्या लागतात. शेजारी नळ लावलेल्या स्टीलच्या भांड्यात चहाचं पाणी, घरून करून आणलेले केक आणि पैसे टाकायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मी त्या दिवशी मार्शल होतो. एका तिठ्यावर, हातात "थांबा, सायकल शर्यत" असा गोल फलक घेऊन, तीन तास उभा. बोटं इतकी गारठली की शिट्टी नीट धरता येईना. दर पंचवीस मिनिटांनी आधी मोटरसायकल येते, मग साठ जणांचा जथा साखळ्यांची सळसळ करत अर्ध्या मिनिटात निघून जातो, आणि पुन्हा शांतता. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी गाड्या थांबवतो. एक जण काच खाली करून ओरडला, बाकीचे थांबले. एका आजोबांनी तर गाडीतून उतरून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी तिथं पगारावर कुणी नव्हतं. पंच, मार्शल, वेळ टिपणारे, चहावाले, सगळे आपला रविवार देणारे.

आता हिशेब. साठ स्वार, प्रत्येकी पंचवीस पौंड, म्हणजे दीड हजार. त्यातून सभागृहाचं भाडं, प्रथमोपचाराची गाडी आणि तिची माणसं, रस्त्यावर फलक लावणाऱ्या कंपनीचं बिल, मोटरसायकलवाल्यांचं पेट्रोल, संघटनेला दर स्वारामागे द्यायची रक्कम आणि उरलं तर बक्षिसं. गेल्या वर्षी तूट आली, ती केकच्या डब्यातल्या चिल्लरीनं भरून निघाली. या वर्षी फलकांचं नुसतं कोटेशनच असं आलं की बैठकीत कुणी बोललंच नाही. शर्यत रद्द झाली. त्या सत्तरीच्या बाईंनी पिनांची डबी घरी नेऊन ठेवली आहे.

यात संघटनेचा थेट दोष आहे असं मी म्हणत नाही. रस्त्यावरची वाहतूक वाढली, नियम कडक झाले, महागाई सगळ्यांनाच आहे. पण आम्ही प्रत्येक जण सभासदत्वाची वर्गणी भरतो, त्यावर शर्यतीचा परवाना घेतो, शर्यतीत उतरताना पुन्हा प्रवेशशुल्क देतो. बदल्यात विमा मिळतो, नियम मिळतात, गुणांची नोंद मिळते. चौथ्या वर्गातून तिसऱ्यात जायला 12 गुण लागतात. हे सगळं खरं आणि गरजेचं आहे. तरी ज्या शर्यतीसाठी मी हे तिन्ही पैसे भरतो ती शर्यतच उरली नाही, तर त्या परवान्याचं मी काय करू?

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या संघटनेला एक गावची शर्यत सांभाळता येत नाही? इथंच खरी गाठ आहे. 1996 मध्ये ही संघटना दिवाळखोरीच्या तोंडाशी होती. 1997 मध्ये ब्रायन कुकसन अध्यक्ष झाले, तेही हौशी स्वार आणि शर्यतींचे पंच. त्याच सुमारास राष्ट्रीय लॉटरीचा पैसा ऑलिंपिक खेळांकडे वळू लागला आणि चित्र पालटलं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटननं 19 सुवर्णपदकं मिळवली, त्यातली 8 सायकलिंगची. 2012 ला लंडनमध्ये पुन्हा 8. ती सुवर्णं टीव्हीवर बघूनच मी इथं पहिली रेसिंग सायकल घेतली, तेव्हा त्या पैशाबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. माझ्यासारखे हजारो आले. 2014 पर्यंत सभासद एक लाखावर गेले.

पण मामा, तुम्हीच मला शिकवलंत की पैसा कुठून येतो त्यावर संस्था कुणाचं ऐकते ते ठरतं. पदकांसाठी आलेलं अनुदान पदकांवरच खर्च करायचं असतं, ते गावच्या शर्यतीला वळवता येत नाही. तसं व्हायलाही नको. मात्र मोठं अनुदान आलं की संस्थेची मान आपोआप त्या दिशेला वळते. जुलै 2017 मध्ये संघटनेच्या घटनेत बदल करायचे होते. संचालक मंडळात बाहेरचे, स्वतंत्र लोक घ्यायचे, क्लबांच्या प्रतिनिधींनी निवडून दिलेल्यांच्या जागा कमी करायच्या. मंजुरीला पंचाहत्तर टक्के मतं हवी होती. बदल नामंजूर झाले तर 4 कोटी 30 लाख पौंडांचं सार्वजनिक अनुदान धोक्यात येईल, असं सांगितलं गेलं. आपल्या हिशेबानं साडेचारशे कोटी रुपये. बदल मंजूर झाले. त्यातले पुष्कळसे योग्यही होते, कारण त्याआधीच्या वर्षभरात संघटनेतल्या वागणुकीबद्दल फार वाईट गोष्टी बाहेर आल्या होत्या. तरीसुद्धा एवढी रक्कम समोर ठेवून घेतलेल्या मताला मी मोकळं मत म्हणणार नाही. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत असा ठराव आला असता तर तुम्ही उभे राहून बोलला असता.

मग प्रायोजक. 2017 पासून एका मोठ्या बँकेशी, एचएसबीसीशी, आठ वर्षांचा करार होता. तो मुदतीआधीच संपला. आणि ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर झालं की 2030 अखेरपर्यंत शेल ही तेल कंपनी भागीदार. सायकलच्या संघटनेला तेल कंपनी! लोक खरोखर चिडले, काहींनी सभासदत्व सोडलं. त्याच्या महिनाभर आधी राणीच्या अंत्यविधीच्या वेळी लोकांनी सायकल चालवू नये असा सल्ला संघटनेनं दिला होता, तो माफी मागून बदलावा लागला होता. करार जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले. माझ्या क्लबमध्ये दोन मतं होती. कुणी म्हणे, पैसा हवाच आहे, कुठूनही येवो. मला तसं वाटत नाही. आम्ही रस्त्यावर जीव मुठीत धरून सायकल चालवतो ते गाड्यांच्या धुरातून. आमच्या नावावर कुणाचा पैसा घ्यायचा हे आधी आम्हाला विचारायला हवं होतं.

आणि आता तर वरच्या मजल्यालाही तडे गेलेत. गेल्या वर्षी स्त्रियांची मोठी शर्यत, विमेन्स टूर, पैशाअभावी रद्द झाली. आयोजकांनी लोकांकडे निधीसाठी हात पसरले, तरी भागलं नाही. पुरुषांची टूर ऑफ ब्रिटन 2004 पासून भरवणारी तीच स्वीटस्पॉट ही कंपनी गेल्या महिन्यात दिवाळखोरीत गेली. तिनं संघटनेचे सुमारे 7 लाख पौंड परवानाशुल्क थकवलं होतं, त्यावरून करार तुटला होता, असं बातम्यांत आलं आहे. दोन्ही शर्यती यंदा आपण स्वतः भरवू, असं संघटनेनं सांगितलंय. भरवाव्यात, मी रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवीन. फक्त त्या भरवायला जे स्वार पाच-दहा वर्षांनी लागतील, ते आज आमच्यासारख्या रद्द झालेल्या शर्यतींतूनच यायचे होते, एवढं कुणीतरी लक्षात ठेवावं.

एक जुनी गोष्ट सांगतो, तुम्हाला आवडेल. इथं मोकळ्या रस्त्यावर घोळक्यानं शर्यत लावायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बंदी होती. ती बंदी पोलिसांची नव्हती, खुद्द त्या वेळच्या राष्ट्रीय सायकल संघटनेची होती. पोलिसांची वाकडी नजर नको म्हणून. मग हौशी लोक पहाटे, काळे कपडे घालून, एकेक मिनिटाच्या अंतरानं एकेकटे निघत. मार्गाला सांकेतिक अक्षरं आणि आकडे, आणि शर्यतीच्या कागदावर छापलेलं असे, "खासगी व गोपनीय". ते सांकेतिक आकडे वेळेविरुद्धच्या शर्यतींत आजही वापरतात.

1942 मध्ये, ऐन महायुद्धात, वुल्व्हरहॅम्प्टनच्या पर्सी स्टॅलर्ड नावाच्या माणसानं ठरवलं की हे बस झालं. रस्त्यावर गाड्या जवळजवळ नव्हत्याच. त्यानं 7 जूनला वेल्समधल्या लँगोलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत 59 मैलांची शर्यत लावली. पोलिसांना आधी सांगितलं, त्यांनी मदत केली. आणि उरणारा पैसा तिथल्या वृत्तपत्राच्या सैनिकांसाठीच्या निधीला जाईल, हे आधीच जाहीर केलं. शर्यत नीट पार पडली, शेवट बघायला मोठी गर्दी जमली. राष्ट्रीय संघटनेनं त्याला बाहेर काढलं. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच वर्षी वेगळी लीग काढली. दोन्ही गटांत पुढं बरीच वर्षं हाडवैर चाललं आणि 1959 मध्ये ते एकत्र येऊन जी संघटना झाली, तीच आजची ब्रिटिश सायकलिंग.

म्हणजे ज्या संघटनेबद्दल आम्ही आज कुरकुरतो, तिच्या निम्म्या अंगात बंडखोर हौशी माणसांचं रक्त आहे. मी ही गोष्ट क्लबमधल्या तरुण पोरांना सांगतो. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की स्टॅलर्डनं शर्यतीआधीच पैसा कुठं जाणार ते सांगून टाकलं होतं.

हे तर मी सांगलीतच बघत मोठा झालो होतो. आपल्या गल्लीच्या मंडळात गणपती विसर्जन झालं की आठवड्याच्या आत तुम्ही काळ्या फळ्यावर खडूनं जमाखर्च लिहायचात. डाव्या बाजूला वर्गणी, देणग्या. उजवीकडे मांडव, वीज, स्पीकर, प्रसाद, पोरांच्या स्पर्धांची बक्षिसं. शिल्लक खाली, दोन रेघा मारून. अकरा रुपये देणाऱ्या म्हाताऱ्या आजीसुद्धा फळ्यापुढं थांबून नातवाकडून वाचून घ्यायच्या. एका वर्षी स्पीकरचा खर्च बघून त्यांनी भर गल्लीत तुम्हाला जाब विचारला होता आणि पुढच्या वर्षी तुम्ही एक स्पीकर कमी केलात. जत्रेतल्या सायकल शर्यतीतही तेच. पहिलं बक्षीस कुणी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ दिलं, हे स्पीकरवरून आधी पुकारलं जाई आणि मगच शिट्टी वाजे.

मला एवढंच हवंय. परवान्याच्या दर पौंडातले किती पेनी विम्याला, किती कचेरीला, किती पंचांच्या प्रशिक्षणाला आणि किती आमच्या भागातल्या शर्यतींना, असा एका पानाचा फळा. आमच्या लेस्टरचा वेगळा, शेजारच्या डर्बीचा वेगळा. साध्या इंग्रजीत, आमच्या त्या पिनांवाल्या बाईंना वाचता येईल असा. वरच्या अनुदानाचा हिशेब वरच्यांना द्या, पण आमच्या वर्गणीचा आम्हाला द्या. आणि शर्यती रद्द व्हायला लागल्या की फलकांच्या बिलासाठी एक छोटा निधी त्याच वर्गणीतून बाजूला काढा. यापेक्षा मोठी मागणी आमची नाही.

पुढच्या महिन्यात क्लबची वार्षिक सभा आहे. विभागीय प्रतिनिधीकडे हीच मागणी लेखी द्यायचा ठराव मी मांडणार आहे. दोघांनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय. तुमच्याकडे मंडळाचे जुने छापील अहवाल असतील, आणि गेल्या गणपतीतल्या त्या फळ्याचा कुणीतरी फोटोही काढला असेल. तो नक्की शोधा आणि पाठवा. आकडे मराठीत असले तरी चालेल, मी समजावून सांगेन. दोन रेघा मारलेली शिल्लक मात्र त्यात स्पष्ट दिसली पाहिजे.

मामीला नमस्कार. गुडघ्याची काळजी घ्या.

आपला भाचा