सूर्याने रजा घेतलेल्या गावी

आपल्याकडे गच्चीगच्चीवर आकाशकंदील चढतात त्याच सुमारास पृथ्वीच्या पार उत्तरेकडे एक गाव सूर्याला निरोप देत असते. ऑक्टोबरच्या २६ तारखेच्या आगेमागे तेथे सूर्य मावळतो, तो क्षितिजावर पुन्हा डोकावतो फेब्रुवारीच्या मध्यास. त्यातही गाव डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे खुद्द वस्तीत ऊन यायला मार्चची ८ तारीख उजाडावी लागते. त्या दिवशी मुलेबाळे, म्हातारेकोतारे जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी जमतात आणि पहिल्या किरणाचे स्वागत करतात. त्यांची दिवाळी ती!

या गावाचे नाव लाँगइयरबिएन. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांवर, ७८ अंश उत्तर अक्षांशावर, अडीच हजारांच्या आसपास माणसांची ही वस्ती. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण अर्थ अगदी आपल्या ओळखीचा आहे. लाँगइयर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९०६ साली येथे कोळशाची खाण काढली आणि ‘बिएन’ म्हणजे गाव. आपण त्याला खुशाल लाँगइयरपूर म्हणावे! खाणीतून आलेल्या माणसांच्या बुटांची काजळी घरात येऊ नये म्हणून दाराशीच बूट काढण्याची रीत पडली. नॉर्वेच्या हाती असलेली इथली शेवटची खाणही २०२५ साली बंद झाली, पण रीत उरली आहे. काही हॉटेलांत आणि संग्रहालयातदेखील पाहुण्याला मोजे घालून वावरावे लागते. चपला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या मराठी माणसाला येथे घरच्यासारखे वाटावे. मात्र गावाची वेस ओलांडली की घरपण संपते. पांढऱ्या अस्वलांच्या भयाने बाहेर पडणारा माणूस बंदूक बरोबर बाळगतो. दुसऱ्या गावाला जाणारा रस्ताच नाही. बर्फावरची गाडी, होडी किंवा विमान, जे मिळेल त्याने जावे.

विमानतळाच्या मागे माथा सपाट असलेला एक डोंगर आहे. त्याच्या पोटात जगभरच्या बियाण्यांची तिजोरी आहे, ती २००८ साली उघडली. आपले लक्ष मात्र माथ्याकडे हवे. तेथे कढईत टम्म फुगलेल्या पुऱ्यांसारखे पांढरे घुमट दिसतात. एक-दोन नव्हेत, शंभराहून अधिक अँटेना तेथे उभ्या आहेत. पुष्कळशा या घुमटांत झाकलेल्या असून प्रत्येकीचा कान आकाशाला लागलेला आहे.

हा कारखाना इतक्या आडजागी का, असे कोणीही विचारील. उत्तर भूगोलाच्या पुस्तकातले आहे. पृथ्वीचे निरीक्षण करणारे बरेच उपग्रह उत्तर-दक्षिण फिरतात. सुमारे शंभर मिनिटांत एक फेरी, म्हणजे दिवसाला चौदा फेऱ्या. खाली पृथ्वी गरगरत असल्यामुळे मुंबईच्या डोक्यावरून त्यांतल्या थोड्याच फेऱ्या जातात. पण ध्रुवाजवळ साऱ्या वाटा एकवटतात, संत्र्याच्या फोडी देठाशी मिळाव्यात तशा. म्हणून या डोंगराला प्रत्येक फेरी गाठता येते. उपग्रह क्षितिजावर आला की अँटेना वळते, काही मिनिटांत त्याची पोतडी रिकामी करून घेते, आणि २००४ पासून समुद्रतळाशी टाकलेल्या तारांमधून ती माहिती दूरदेशी रवाना होते.

त्या पोतडीतली एक चीज म्हणजे समुद्रावरच्या बर्फाची नोंद. चार महिने काळोख, आणि उजेड असला तरी ढगांची गोधडी. साध्या कॅमेऱ्याने येथे काय दिसणार? शास्त्रज्ञांनी तोड काढली ती सूक्ष्मलहरींची. जगातली प्रत्येक वस्तू आपल्या अंगून फार क्षीण अशा लहरी सोडत असते. त्यांना दिवस-रात्र सारखीच आणि ढगांचा अडसरही फारसा नसतो. गंमत अशी की बर्फ पाण्यापेक्षा थंड असूनही या लहरी पाण्यापेक्षा कितीतरी अधिक सोडतो. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात समुद्र मंद दिसतो आणि बर्फ झळाळतो. या चित्रातला एकेक चौकोन मात्र २५ किलोमीटरांचा असतो, आणि उन्हाळ्यात बर्फावर पाण्याची डबकी साचली की यंत्र त्यालाच उघडा समुद्र समजून फसते. हे हिशेब सुधारून घेणे हेच शास्त्रज्ञाचे काम.

या कामात आयुष्य घालवलेल्यांत क्लेअर पार्किन्सन यांचे नाव आदराने घेतले जाते. या बाई मूळच्या गणिताच्या. १९७८ साली त्या अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या गॉडार्ड केंद्रात दाखल झाल्या. २००२ साली उडालेल्या ‘ॲक्वा’ उपग्रहाच्या त्या प्रमुख शास्त्रज्ञ होत्या, आणि त्या उपग्रहाची माहिती उतरवून घेणाऱ्या ठिकाणांत स्वालबार्डही होते.

त्या रुजू झाल्या तेव्हा डिसेंबर १९७२ मध्ये सोडलेल्या ‘निंबस-५’ उपग्रहाची चित्रे हाती आलेली होती. त्यांत एक नवल होते. दक्षिण ध्रुवाकडच्या वेडेल समुद्रात, ऐन हिवाळ्यात, बर्फाच्या मधोमध उघड्या पाण्याचे एक प्रचंड भगदाड दिसत होते. १९७४, १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ तीन वर्षे! आकार सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाऊणपटीहून मोठा. जहाजांनी त्या थंडीत तेथे जाऊन ते मोजणे अशक्यच होते. पार्किन्सनबाई आणि त्यांचे सहकारी यांनी अशा चित्रांवरून दक्षिणेकडच्या बर्फाचा नकाशासंग्रह १९८३ साली आणि उत्तरेकडचा १९८७ साली सिद्ध केला.

पुढे नोंदींची वही भरत गेली तशी गोष्ट गंभीर झाली. उत्तरेकडे सप्टेंबरात बर्फ सर्वांत कमी असतो. १९८० च्या सुमारास त्या महिन्यातही तो सत्तर लाख चौरस किलोमीटरांच्या घरात असे. त्यात भारतासारखे दोन देश मावून वर जागा उरली असती. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला. आता एकच भारत कसाबसा मावावा! दक्षिणेकडे मात्र उलटे घडत होते. तेथला बर्फ हळूहळू वाढत होता, आणि शंकेखोरांना तेवढेच निमित्त पुरे होते. २०१९ साली पार्किन्सनबाईंनी चाळीस वर्षांचा ताळेबंद मांडला. वर्षाच्या सरासरीने २०१४ मध्ये १२८ लाख चौरस किलोमीटर असलेला दक्षिणेचा बर्फ २०१७ मध्ये १०७ लाखांवर घसरला होता. कित्येक वर्षांची हळू कमाई तीन वर्षांत गेली होती. आपल्या आवडत्या तर्काला सोयीचे तेवढेच आकडे न निवडता, वाढ आणि घट दोन्ही सारख्याच प्रामाणिकपणे मांडणे हे शास्त्राचे खरे शील. ते या निबंधात दिसते.

“तिकडे बर्फ वितळला तर आमचे काय जाते?” असे कोणी म्हणेल. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, हे सरबताच्या पेल्यात पाहून घ्यावे. पण हिमाच्छादित बर्फ ऊन परतवून लावतो आणि काळाभोर समुद्र ते पिऊन टाकतो. छप्पर उडालेल्या घरासारखी समुद्राची गत होते, आणि ऊब वाढून आणखी बर्फ जातो. स्वालबार्डच्याच न्यू-आलेसुंद या वस्तीत भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र जुलै २००८ पासून आहे. त्याचा कारभार पाहणारी संस्था आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोला आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २०२१ साली असे मांडले की कारा समुद्रातील घटता बर्फ आणि मध्य भारतात सप्टेंबरात कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस यांचा संबंध असू शकेल. तेव्हा भाद्रपदातल्या मुसळधारेचा एखादा धागा त्या काळोख्या समुद्रापर्यंत जात असेल, तर आपल्याला त्याची खबर नको काय?

ही खबर ठेवणारी साखळी मात्र नाजूक आहे. एक उपग्रह थकण्यापूर्वी दुसरा वर जावा लागतो, आणि काही दिवस दोघांनी एकच बर्फ मोजावा लागतो. जुने घड्याळ बंद पडण्याआधी त्यावरून नवे लावून घ्यावे, तसे. १९८७ साली असा सहवास महिनाभरच लाभला. २०२५ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या जुन्या उपग्रहांची माहिती देणे थांबवण्याचे जाहीर केले. पुढे मुदत वाढली, तरी शास्त्रज्ञांची धावपळ उडायची ती उडालीच, आणि जपानी उपग्रहाचा आधार घ्यावा लागला. १९७८ पासून चालत आलेल्या या वहीचे एक पान कोरे राहिले, तर ते मागाहून कोणालाही भरता यायचे नाही. त्या वर्षीचा बर्फ पुन्हा थोडाच येणार आहे?

म्हणून लाँगइयरबिएनच्या डोंगरावर सूर्य नसतानाही काम चालू असते. बाहेर वारा घोंगावत असतो, घुमटाच्या आत अँटेना वळत असते, आणि दर फेरीला आकाशातून हिशेबाची एक ओळ उतरत असते.