नाव तेच, नियम नवे

आवडत्या वाद्यवृंदाची नवी ध्वनिमुद्रिका हाती घेणारा श्रोता कोरा नसतो. आधीच्या ऐकण्याने घडलेला अपेक्षांचा व्यूह तो बरोबर आणतो आणि नव्या कृतीशी त्याचा पहिला संबंध पुष्कळदा तक्रारीचाच असतो. 'किंग क्रिम्सन' या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाच्या १९८१ मधील 'डिसिप्लिन'समोर अशा श्रोत्याची परीक्षाच झाली. १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील मेलोट्रॉनचा भव्य, शोकात्म नाद ज्याच्या कानांत मुरला होता, त्याला तो येथे कोठेच सापडला नाही. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी १९७४ मध्ये वाद्यवृंद विसर्जित केला होता. सात वर्षांनंतर जुन्यांपैकी ते स्वतः आणि तालवादक बिल ब्रुफर्ड एवढेच उरले. एड्रियन बेल्यू व टोनी लेव्हिन हे अमेरिकन वादक नव्याने आले. चौघांनी आरंभी 'डिसिप्लिन' हेच नाव घेतले होते. जुने नाव मागाहून आले. जुना नाद उरला नसताना जुने नाव कशाच्या बळावर?

उत्तर रचनेतच शोधावे लागते. 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये दोन गिटारी सात मात्रांची एकच आकृती वाजवू लागतात. पुढे त्यांपैकी एक, दोन आवर्तनांच्या चौदा मात्रांतील शेवटची मात्रा गाळते. तेरा आणि चौदा यांमधील अंतर फेरीगणिक वाढत जाते. दोन्ही वादक नियम काटेकोर पाळत असतात. तरी कानावर पडणारी गुंफण त्या दोघांपैकी एकट्या कोणाचीच नसते. अर्थ चिन्हांमधील भेदातून संभवतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन ग्रंथात वाचणे वेगळे आणि असे कानांनी अनुभवणे वेगळे.

शब्दांकडे पाहण्याची वृत्तीही अशीच आहे. 'एलिफंट टॉक'मध्ये बोलण्याविषयीचे शब्द इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या पाच अक्षरांच्या क्रमाने येतात. विधान होतच नाही, उरते ती केवळ बडबडीची सूची. 'इनडिसिप्लिन'चा मजकूर बेल्यू यांच्या तत्कालीन पत्नीने स्वतःच्या एका कलाकृतीविषयी लिहिलेल्या पत्रावर आधारलेला आहे. पण गीतात त्या वस्तूचे नाव येत नाही. निवेदक तिच्याभोवती घुटमळत राहतो आणि ती काय आहे हे ऐकणाऱ्याला अखेरपर्यंत कळत नाही.

येथे वृत्तबद्ध कवितेची आठवण अपरिहार्य आहे. बंधन हे अभिव्यक्तीचे शत्रू, असे मुक्तछंदाच्या समर्थनार्थ अनेकदा म्हटले गेले. 'डिसिप्लिन'मधील बंधने मात्र वारशाने आलेली नाहीत; ती वादकांनी स्वतः घडवून स्वतःवर लादली आहेत. ब्रुफर्ड यांना झांजांचा वापर शक्य तो टाळण्यास सांगितले गेले, तेव्हा हाताच्या सवयीच बंद झाल्या आणि तालाला दुसरी वाट शोधावी लागली.

म्हणूनच परंपरा टिकली असे म्हणायचे, तर ती नादात टिकली नाही. सवय मोडण्याच्या वृत्तीत टिकली. हे पटल्यावरही त्या श्रोत्याच्या मनातील मेलोट्रॉनची उणीव भरून निघत नाही. ती भरून निघावी अशी अपेक्षाही नाही. ती उणीव सोसत पुन्हा ऐकू लागणे, एवढीच शिस्त ही ध्वनिमुद्रिका त्याच्याकडून मागते.